पहिल्या पंगतीचा प्रेक्षक

सिंगापूरला जाऊन आलेला माणूस आपल्याच कॉलनीत राहत असेल, तर बाकीच्यांनी जगावं कसं, याचं उत्तर कुठल्याही ग्रंथात दिलेलं नाही. सोलापुरात विजापूर रोडवरून आत वळलं की मल्लिकार्जुननगर लागतं. तिथं असा एक माणूस होता, जोतिराम माने. लेक-जावयाकडं जाऊन आला, आल्यावर कॉलनीच्या व्याख्यानमालेत 'मी पाहिलेलं सिंगापूर' या विषयावर बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. लोकांना घरी जायचं होतं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मान्यांनी त्या खऱ्या धरल्या. दुसऱ्या वर्षी परत सिंगापूर. तिसऱ्या वर्षीही सिंगापूरच, फक्त या वेळी पडद्यावर फोटो. तिथले रस्ते किती स्वच्छ आहेत हे ऐकून ऐकून कॉलनीतल्या माणसांना रस्त्यावर थुंकायचीसुद्धा लाज वाटायला लागली होती. थुंकत होतेच, पण लाज वाटत होती.

सगळ्यांत जास्त जळफळाट व्हायचा तो सिद्धलिंग बिराजदारांचा. बिराजदार सात रस्त्याजवळच्या एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक. वरिष्ठ अशासाठी, की त्यांच्यानंतर लागलेले सगळे वर निघून गेले होते आणि हे जागच्या जागी वाढत राहिले होते. आयुष्यात त्यांच्या नावावर एकच पराक्रम होता. ते दुसऱ्या पंगतीला कधी जेवले नव्हते. लग्न कुणाचंही असो, भटजींनी शेवटचं मंगलाष्टक धरलं की बिराजदार उठलेच. अक्षता मांडवाच्या दाराजवळून मागच्या मागं भिरकवायच्या, कुणाच्या का डोक्यावर पडेनात, आणि पहिल्या पंगतीतलं पहिलं ताट धरायचं. नवरीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घातलेला त्यांनी स्वतःचं लग्न सोडून कुठं पाहिलाच नव्हता. लोक याला खादाडपणा म्हणायचे. बिराजदार त्याला नियोजन म्हणायचे.

तर अशा या नियोजनबद्ध माणसाला पुण्याहून मुलाचा, अजिंक्यचा, फोन आला. माणसं बसवून वर जाणारं यान श्रीहरिकोट्याहून उडणार होतं आणि ते समोर बसून बघायचे दोन पास त्याला लागले होते. त्याला स्वतःला सुटी नव्हती. "पप्पा, तुम्ही आणि आई जा," तो म्हणाला.

बिराजदारांना आकाशाचं काडीचं कौतुक नव्हतं. गच्चीवर गेले तर टाकी भरली का हे बघायला, मान वर करायला नव्हे. पण त्या फोनवर त्यांना यान दिसलं नाही, जोतिराम मान्याचं पडलेलं तोंड दिसलं. संध्याकाळी ते व्याख्यानमालेचे अध्यक्ष महिपती घाडगे यांच्या दारात उभे राहिले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "घाडगे, यंदाचं पहिलं पुष्प माझं. विषय लिहून घ्या. 'मी पाहिलेलं उड्डाण.' कंसात, प्रत्यक्षदर्शी."

घाडग्यांना कुणीही चाललं असतं, सिंगापूर सोडून. त्यांनी लगेच पहिल्या दिवशीचे माने उचलून तिसऱ्या दिवशी टाकले. तिसऱ्या दिवशी ऐकायला खुर्च्याच असतात. बातमी मान्यांच्या घरी पोचली तेव्हा त्यांनी म्हणे हातातला चहा खाली ठेवला. बिराजदारांना जन्मात एवढं समाधान कधी लाभलं नव्हतं.

आता बायकोबद्दल. गुरम्मा अक्कलकोट तालुक्यातल्या अगदी शिवेवरच्या गावची. माहेरी सगळं कानडी, आणि सोलापुरात इतकी वर्षं संसार करूनही तिच्या मराठीचा बाज काही गेला नव्हता. बिराजदारांना त्याची लाज वाटायची. लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "चारचौघांत तू आपली हसत जा. बोलू नकोस." तिनं ते इतकं मनावर घेतलं की कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ती मुकी वाटायची. तिला यान बघायचंय का, असं कुणी विचारलं नाही. प्रवासात दशम्या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोण बांधून देणार, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती निघाली.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला जीएसटी लागत नाही, त्यामुळं मल्लिकार्जुननगरात त्याचं उत्पादन भरपूर. घाडगे म्हणाले, कानात कापूस घाला, पडदे फाटतेत. रेश्मा टेलर म्हणाल्या, पांढरं घालू नका, धूर बसला की निघत न्हाई. कुणी सांगितलं तोंड पूर्वेला करून बसा, कुणी सांगितलं अजिबात पूर्वेला बसू नका, यान तिकडंच पडतंय. बिराजदारांनी सगळं ऐकून घेतलं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू लोकांची वस्ती, तिथल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी उपयोगी वाक्यंही शिकून घेतली. त्यातलं 'जेवण कुठं मिळतं' एवढंच पाठ झालं.

घाडग्यांच्या उत्साहाला मात्र आवर राहिला नाही. त्यांनी फ्लेक्स लावला. बिराजदारांचा भांग पाडलेला फोटो, शेजारी जळतं यान, आणि खाली, 'मल्लिकार्जुननगरचे भूषण मा. सिद्धलिंग बिराजदार यांना अंतराळ मोहिमेस हार्दिक शुभेच्छा.' हा फ्लेक्स वाचून शहाण्या माणसानं काय समजायचं? दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बसम्मा आजी काठी टेकत आल्या आणि बिराजदारांचा हात धरून रडायलाच लागल्या. "आता ह्या वयात वर कशाला जायलास रे बाबा? पोराला सांग की जा म्हणून." पतसंस्थेतल्या शिपायानं पाया पडून घेतलं. दूधवाल्यानं मागची बाकी मिटवून घेतली. खुलासा बिराजदारांच्या ओठावर आला होता, पण त्यांनी तो गिळला. आयुष्यात एकदा लोक पाया पडतायत, त्यांना कशाला उगाच उठवायचं?

खरी अडचण पतसंस्थेत निघाली. शाखाधिकारी पृथ्वीराज शिंदे हा वयानं बिराजदारांच्या निम्मा आणि नियमांनी दुप्पट. त्यानं रजेचा अर्ज वाचला आणि बोट ठेवलं.

"बिराजदार, कारण काय लिहिलंय हे? यान बघणे?"

"व्हय साहेब."

"असं कारण नियमात नाही. लग्न आहे, मयत आहे, आजारपण आहे, देवदर्शन आहे. यान बसत नाही कशात."

"पर माणसं चाललीत की त्यात."

"तुमची कोण चाललीत का?"

शेवटी श्रीहरिकोट्याच्या वाटेवर तिरुपती पडतं, या भौगोलिक सत्याचा आधार घेऊन अर्जात 'देवदर्शन' लिहिलं गेलं. आणि नुसत्या देवदर्शनाला एवढी रजा मिळत नाही म्हणून, शिंद्यांनीच सुचवल्यावरून, पुढं 'नवस फेडणे' हेही जोडलं. अर्जावर सही झाली. शिंदे हसत म्हणाला, "मग परत याल ते गोटा करूनच." बिराजदारही हसले. माणूस कशाला हसतो हे त्याला पुढं कळतं.

गाडी मद्रासकडं निघाली आणि रायचूर गेलं, गुंटकल गेलं, तशी बिराजदारांची छाती फुगत गेली. डब्यातल्या प्रत्येकाला त्यांनी पास दाखवला. ज्याला मराठी येत नव्हतं त्याला जास्त वेळ दाखवला. गुरम्मा खिडकीशी बसून हसत होती, सांगितल्याप्रमाणे. तिकडं पोचल्यावर पहिली बातमी कळली ती अशी, की समुद्रावर ढग जमलेत म्हणून उड्डाण पुढं ढकललंय. किती पुढं? ढग जातील तेव्हा. आपल्याकडं लाइट गेल्यावर जे उत्तर मिळतं तेच, फक्त इंग्रजीतून.

बिराजदार भयंकर संतापले. कुणावर संतापावं हे ठरेना, म्हणून गुरम्मावर संतापले. तेवढ्यात शिंदेसाहेबांचा फोन. "काय बिराजदार, दर्शन झालं का? फोटो टाका की ग्रुपवर. सगळे वाट बघतायत." आता आली का पंचाईत! रिकामा वेळ होता, तिरुपती हाताशी होतं आणि खोटं बोलल्याला पुरावा पाहिजे होता. दोघं गेले. दर्शन घेतलं, लाडू घेतले, आणि ज्या केसांचा भांग फ्लेक्सवर झळकत होता ते केस बिराजदारांनी न केलेल्या नवसापायी देवाला वाहिले. त्यात न्हावी हाताला इतका चपळ निघाला, की मिशीबद्दल 'राहू द्या' हे तेलुगूत कसं म्हणायचं याचा विचार होईपर्यंत मिशीही गेली. आरशात बघून ते स्वतःलाच नमस्कार करणार होते. गुरम्मानं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं समजून त्यांनी तिला धीर दिला.

ढग हटले, तारीख आली, आणि उन्हं चढायच्या आत दोघं केंद्राच्या फाटकावर रांगेत उभे राहिले. देशभरातून माणसं आली होती. शाळेची पोरं, म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. फाटकावरच्या जवानानं पास बघितला, आधारकार्डावरचा फोटो बघितला, मग बिराजदारांकडं बघितलं.

"ये कौन है?"

"मैं हूँ."

"आप नहीं हैं."

आता मी मी आहे, हे माणसानं सिद्ध कसं करायचं? बिराजदारांनी भांग पाडायचा अभिनय करून दाखवला. वरच्या ओठावर बोट आडवं धरलं. मागच्या रांगेत हशा पिकला. पतसंस्थेचं ओळखपत्र काढलं, त्यावरही केस. शेवटी जवान गुरम्माकडं वळला. "माताजी, ये आपके पति हैं?" गुरम्मानं नवऱ्याकडं नीट निरखून पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहून मग मान डोलावली.

आत सोडलं, पण पिशवी नाही. पिशव्या बाहेर ठेवायच्या, असा नियम होता. दशम्या, कडक भाकरी, दह्यातली मिरची, सगळं गेलं. शेंगाच्या चटणीची पुडी जवानानं उघडून हुंगली आणि इतका शिंकला, की दुसऱ्या जवानानं येऊन पुडी लांब नेऊन ठेवली. घरच्या जेवणाच्या भरवशावर निघालेला माणूस आता रिकाम्या हातानं आणि रिकाम्या पोटानं गॅलरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. समोर लांबवर झाडी, पलीकडं पाण्याची रेघ, आणि मधे एक पांढरी काडी उभी. बिराजदार निराश झाले. "एवढंच?" ते म्हणाले. "आपल्या गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा यापेक्षा उंच असतोय."

ऊन तापत गेलं. कर्ण्यावर कोण काय काय सांगत होतं. आत बसलेल्यांची नावं आली की लोक टाळ्या वाजवत. बिराजदारांचं लक्ष नव्हतं. त्यांना गॅलरीच्या मागं एक पत्र्याची शेड दिसली होती, आणि त्या शेडमधून फोडणीचा वास येत होता. नाक फसवत नाही. लिंबू भात होता. त्यांनी गर्दी नजरेनं मोजली, भाताच्या पातेल्याचा अंदाज घेतला आणि त्यांना घाम फुटला. हे सगळं झाल्यावर एवढी माणसं एकदम तिकडं उठणार! दुसऱ्या काय, दहाव्या पंगतीतसुद्धा नंबर लागायचा नाही.

तेवढ्यात कर्णा म्हणाला, उलटी मोजणी थांबवली आहे, पुन्हा एक ढग आलाय. गॅलरीभर "अरेरे" झालं. बिराजदारांच्या मनात मात्र उजेड पडला. जन्मभर त्यांनी मांडव बघितले होते. मुहूर्त थांबला म्हणजे काय? मामा नवरीला आणायला गेलाय, नवरी पदर सावरतेय, अंतरपाट सापडत नाहीये. निवांत अर्धा तास तरी धरायचा. ते उठले.

"कुटं निघालात?" गुरम्मानं विचारलं.

"नंबर लावून येतो. तू जागा धर."

"आता सोडतील की हो."

"तुला काय कळतंय? असल्या गोष्टी वेळेवर होत नसतात."

शेडमध्ये एकही माणूस नव्हता. बिराजदारांच्या आनंदाला पारावार उरला नाही. पहिला नंबर! त्यांनी कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकून जागा पक्की केली. आपल्या आधी कुणी नाही हे ठीक, पण आपल्या मागंही कुणी नाही, आणि वाढणाराही नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. कर्ण्यावर मोजणी पुन्हा सुरू झाल्याचं त्यांनी ऐकलं. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. मंगलाष्टकं सुरू झाली म्हणजे लग्न लागलं, असं थोडंच असतं? अजून दोन-चार तरी व्हायची होती. वाढणारा बाहेर जाऊन वर बघत उभा होता. बिराजदार त्याला तेलुगूत 'जेवण कुठं मिळतं' असं ओरडून विचारत होते. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. काय ही आजकालची माणसं!

मग बाहेर एकदम शांत झालं. एवढी माणसं आणि एवढी शांतता, हे बरं लक्षण नव्हतं, पण बिराजदारांचे डोळे पातेल्यावर होते. आणि मग शेडचे पत्रे थडथडायला लागले. आधी पत्रे, मग कट्टा, मग त्यांची स्वतःची कोपरं. रचून ठेवलेल्या स्टीलच्या ताटल्या एकीमागून एक खाली कोसळल्या, आणि देश अवकाशात निघाला त्या क्षणाला मल्लिकार्जुननगरचे भूषण जमिनीवर ओणवे होऊन ताटल्या गोळा करत होते. त्यांना वाटलं, बाहेर पळापळ झालीय, सगळे जेवायला निघाले. झटकन त्यांनी दोन ताटल्या उचलल्या, आपल्या हातानं भात वाढून घेतला, वर शेंगदाणे जास्त येतील असं बघितलं, आणि सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत बाहेर आले.

कुणीही जेवायला निघालं नव्हतं. सगळी माणसं तोंड वर करून उभी होती. आकाशात धुराची एक जाड, वाकडी दोरी लोंबत होती आणि तिचं वरचं टोक ढगात गेलं होतं. त्यापलीकडं काही नव्हतं. गुरम्मा आपल्या जागेवर उभी होती, उजवी मूठ गच्च आवळलेली, गाल ओले.

"अजून सोडायचंय ना?" बिराजदार म्हणाले.

"गेलं," गुरम्मा म्हणाली.

परतीच्या गाडीत बिराजदारांनी कुणालाही पास दाखवला नाही. आधी त्यांना ढगाचा राग आला, मग वाढप्याचा, मग पृथ्वीराज शिंद्याचा, आणि वाडी जंक्शन येईपर्यंत रागवायला कुणी उरलं नाही. फ्लेक्स लागलाय, प्रत्यक्षदर्शी म्हणून छापून झालंय, समोर पहिल्या ओळीत तो जोतिराम बसणार, आणि आपण काय पाहिलं? लिंबू भात! मान्यानं निदान सिंगापूर तरी पाहिलं होतं.

ते गुरम्माकडं सरकले. आवाज शक्य तेवढा गोड केला. "काय गं, कसं होतं ते?"

"काय?"

"ते. यान. म्हणजे, कसं गेलं? रंग कुठला होता? केवढं दिसलं?"

गुरम्मानं खिडकीबाहेर बघितलं. "मला न्हाई सांगाय येत," ती म्हणाली.

"अगं, डोळ्यानं बघितलंस ना? मग सांग की!"

"तुमीच म्हणालात की, बोलू नको म्हणून. आता एकदम कुटलं येईल?"

सोलापूर येईपर्यंत त्यांनी तिला गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, होटगीला चहा पाजून विचारलं. ती खरंच शब्द शोधत होती, पण ते काही तिच्या हाती लागेनात. घरी आल्यावर बिराजदारांनी टीव्हीवरच्या चित्रफिती बघितल्या, वर्तमानपत्रं गोळा केली आणि कोंडून घेऊन भाषण पाठ केलं. बायकोला एकच ताकीद दिली, "मी शेडमध्ये होतो हे कुठं बोलायचं नाही." ही ताकीद द्यायची काय गरज होती? ती कुठं काय बोलत होती?

व्याख्यानाच्या दिवशी देवळाचा सभामंडप भरला होता. निम्मे लोक यानासाठी आले होते, निम्मे बिराजदारांचा गोटा बघायला. कुणी म्हणालं वर गेल्यावर केस जळतात. बसम्मा आजींनी त्यांना चाचपून बघितलं आणि "आला बाबा खाली," म्हणून कानशिलावर बोटं मोडली. घाडग्यांनी शाल दिली, फेटा बांधला. गोट्यावर फेटा टिकेना, तो घसरून भुवईवर यायचा, आणि तसल्या फेट्याखालून बिराजदार बोलायला उभे राहिले.

बोलले मात्र झकास! अग्नीचे लोळ आले, गगनभेदी गर्जना आली, भारतमातेचा ऊर भरून आला. सगळी वर्तमानपत्रं एकामागून एक बाहेर पडली. इंधन किती, वजन किती, वेग किती, हे त्यांनी असं सांगितलं, की जणू स्वतः तराजू धरून मोजलं होतं. टाळ्या झाल्या. बिराजदारांनी फेटा वर सरकवला आणि विजयी नजरेनं पहिल्या ओळीकडं बघितलं.

जोतिराम माने उठून उभे राहिले. हातात कागद नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता. "बिराजदार, लई भारी," ते म्हणाले. "पर हे समदं आमी बी टीव्हीवर बघितलं. तुमी तितं समोर होता. मग टीव्हीत न्हाई अन् तितंच दिसलं, असं काय होतं? एवढं एक सांगा की."

बस्स, एवढाच प्रश्न. शाळेतल्या पोरानं विचारावा तसला. बिराजदारांनी तोंड उघडलं. "तिथं," ते म्हणाले, "तिथं गर्दी होती." मग म्हणाले, "ऊन फार होतं." फेटा घसरून डोळ्यावर आला आणि तो त्यांनी वर केला नाही. मान्यांच्या ओळीत कुणीतरी खुसकन हसलं. मागं आणखी कुणी हसलं. ज्या मानाच्या खुर्चीसाठी तीन वर्षं जळून काढली ती बुडाखालून सरकायला लागलीय, हे त्यांना त्या फेट्याखालच्या अंधारात स्वच्छ दिसत होतं.

"आवाज न्हवता," बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.

सगळ्या माना वळल्या. गुरम्मा उभी होती. पदर दोन्ही हातांनी धरलेला, नजर कुणाकडंच नाही.

"टीव्हीत आवाज असतोय. तितं आदी आवाजच न्हवता. नुसता उजेड. चुलीत वाळली तुराटी घातल्यावर कसा भसकन जाळ होतोय, तसा, पर केवडा! अन् आवाज न्हाई. मला भ्याच वाटलं. मला वाटलं, माजे कानच गेले का काय."

कुणीतरी शुक् केलं. घाडगे खुर्चीत पुढं सरकले.

"मग ते हाललं. पर जाईना की हो! जड झालंय, उचलंना, असं वाटलं. माज्या तोंडातनं आपोआप आलं, होगप्पा, जा बाबा जा. माज्या शेजारी एक तेलुगू बाई होती, तिनं माजा हात धरला. ती बी तेच म्हणत आसंल तिच्या भाषेत. अन् मग उचललं. सरळ वर. अन् मग आवाज आला. कानात न्हाई आला. हितं." तिनं छातीवर हात ठेवला. "पायातनं वर आला अन् हितं बसला. माजी पाटली वाजायली हातात."

ती थांबली. पुढचं तिला लोकांना सांगायचं होतं का स्वतःला, कोण जाणे. तिचा आवाज बारीक झाला, पण मंडपात शेवटपर्यंत ऐकू गेला.

"तवर माज्या ध्यानातच न्हवतं. मग एकदम ध्यानात आलं, आत माणसं हायती. कुणाची तरी लेकरं बसल्यात त्या जाळावर. मी पदराला थोडं तांदूळ बांदून नेलते, कुणाला न सांगता. जाणाऱ्याला मोकळ्या हातानं कसं जा म्हणायचं? टाकायचे म्हणून मुटीत घेतलेते. पर मूटच उगडंना. ते जाऊस्तोवर उगडली न्हाई. त्यांच्या आया कुटं उभारून बगत असतील, त्यांची बी आशीच झाली आसंल, असं मला वाटलं. अन् मग ते ढगात शिरलं. अन् तो सगळा ढग आतनं पेटला, लाल."

रेश्मा टेलर डोळे पुसत होत्या. स्टेजवर बिराजदारांनी केव्हाच फेटा काढून हातात घेतला होता. त्यांचं तोंड उघडं होतं. व्याख्यान, माने, खुर्ची, शाल, काही म्हणजे काही त्यांच्या डोक्यात उरलं नव्हतं. ते माइकवर पुढं झुकले आणि श्वास रोखून, सगळ्या मल्लिकार्जुननगराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मग? मग पुढं काय झालं?"

गुरम्मानं त्यांच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत नवऱ्यानं तिला मनापासून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता. तिनं खरं ते उत्तर दिलं.

"मग तुमी आलात की, भाताच्या ताटल्या घेऊन."